तीन नंबरच्या खोलीतला ओलावा

ऑगस्टअखेरची बँक हॉलिडेची जोडसुट्टी संपून मंगळवारी वैजयंती खानोलकर कामावर आली, ती दमूनच. सुट्टीचे तिन्ही दिवस तिने स्टॅनमोरला थोरल्या बहिणीकडे काढले होते. यमुनाताईला मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन चौदा वर्षं झाली होती. पाय लाकडासारखे ताठ व्हायचे, पेटके यायचे, आणि ते सुटेपर्यंत कुणीतरी पाय धरून बसावं लागायचं. गेल्या वर्षी एका नव्या औषधाच्या चाचणीत ताईचं नाव लागलं. जिभेखाली मारायचा फवारा होता. त्याने पेटके निम्म्याने कमी झाले, पण अंघोळ, उचलाउचल, कपडे हे होतंच. वैजयंती गेली की मुरलीधर भावोजी जरा पाठ टेकायचे. म्हणून ती जायची. तिचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती आणि लेस्टरच्या घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.

कामाची जागा लेस्टरपासून पूर्वेला सव्वा तासावर, सपाट शेतांच्या मुलखात होती. फाटकावर पाटी नव्हती. दोन कुंपणं, कॅमेरे, आणि आत काचेची मोठमोठी हरितगृहं. तिथे होम ऑफिसच्या, म्हणजे सरकारी गृहखात्याच्या, परवान्याने गांजा पिकवत. ओढण्यासाठी नव्हे, अर्क काढून औषध करण्यासाठी. २००४ साली ही गोष्ट लोकांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं, आणि वैजयंतीला तसा प्रयत्न करायची मुभाही नव्हती. नोकरी धरताना तिने कागदावर सही केली होती, की जागा आणि पीक याबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही. नातेवाइकांना तिने सांगितलं होतं की ती औषधी पाल्याच्या कंपनीत आहे. ते खोटं नव्हतं.

बहीण चाचणीत गेली तेव्हा मात्र तिने कंपनीला लेखी कळवलं. बाटल्यांवर नुसते आकडे असतात, नावं नसतात, तेव्हा काही अडचण नाही, असं उत्तर आलं आणि कागद फायलीत गेला.

तिच्याकडे वाळवण आणि साठवण होती. कापलेली झाडं आधी दोरांवर उलटी टांगून वाळवत. मग त्यांचे तुरे खुडून कागदी पोत्यांत भरत आणि तीन नंबरच्या खोलीत मुरायला ठेवत, लोणचं मुरतं तसं, सावकाश, ठरलेल्या गारव्यात, ठरलेल्या कोरड्या हवेत. ते झालं की काळोख्या थंड स्टोअरमध्ये. प्रत्येक पोत्याचं वजन ग्रॅमपर्यंत लिहावं लागे. आणि तिची सही झाल्याशिवाय एकही पोतं अर्क काढायला जात नसे.

मंगळवारी सकाळी तिने तीन नंबरचं दार उघडलं आणि हवा अंगाला चिकटली. भिंतीवरचा आकडा बरोबर होता. तरी ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. तिचं बालपण निपाणीला मामांच्या तंबाखूच्या वखारीत गेलं होतं. पान किती सुकलंय हे मामा मुठीत धरून सांगायचे, आणि पोरांनाही मूठ करायला लावायचे. ती ऑफिसात गेली आणि संगणकावर खोलीची नोंद उघडली. रविवारी दुपारी दोनपासून सोमवारी सकाळी नऊपर्यंत ओलाव्याची रेघ वर चढली होती आणि मग झपकन खाली आली होती. एकोणीस तास. त्या वेळात अलार्म तीनदा वाजला होता. तिन्ही वेळा समोर शेरा होता, ‘पाहिलं’, आणि खाली आद्याक्षरं होती देव सामंतची.

देव अडतीस वर्षांचा, इमारतीतली यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ. लेस्टरमध्येच जन्मलेला. त्याची आई मीनाक्षी ही वैजयंतीची मराठी मंडळातली जुनी मैत्रीण. ही जागा रिकामी आहे असं वैजयंतीनेच त्याला सांगितलं होतं. दोघं एकाच गाडीने ये-जा करत, एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा तिची. तो तिला मावशी म्हणायचा.

त्या संध्याकाळी त्याची गाडी होती. पीटरबरो मागे पडल्यावर त्याने विषय काढला.

“मावशी, मला वाटला सेन्सर परत खराब झाला,” तो म्हणाला. “ऑगस्टमध्ये नऊ वेळा फॉल्स अलार्म आली. मी जुलैमध्येच ईमेल केला होता, नवीन सेन्सर पाहिजे म्हणून.”

मग त्याने सगळं सांगितलं. रविवारी त्याच्या मुलीचा, अक्षराचा, तिसरा वाढदिवस होता. बेलग्रेव्ह रोडवर हॉल घेतला होता, चाळीस माणसं होती. अलार्मचा फोन वाजला, त्याने ‘पाहिलं’चं बटण दाबलं. आणखी दोनदा वाजला, दोन्ही वेळा पुन्हा दाबलं. सोमवारी सकाळी त्याला चैन पडेना म्हणून तो एकटाच इथे आला. हवेतला ओलावा ओढणारं यंत्र बंद पडलं होतं. त्याने ते चालू केलं, तासाभरात आकडा खाली आला, आणि तो घरी गेला. कुठे काही लिहिलं नाही.

“मंडे मॉर्निंगलाच मी लिहायला पाहिजे होता,” तो म्हणाला.

“हो. पाहिजे होतं.”

लॅबने माल पास केला तर ते एकोणीस तास लिहायची गरज आहे का, असं त्याने विचारलं. खोटं लिहा असं तो म्हणत नव्हता, फक्त विचारत होता. वैजयंतीने सांगितलं की तिने ते सकाळी दहालाच लिहून वर पाठवलं आहे. तिच्या दारापाशी देवने गाडी थांबवली, आणि रोजच्यासारखाच तिने कुलूप उघडेपर्यंत थांबून मग निघून गेला.

लॅबचा निकाल पुढच्या सोमवारी आला. चौसष्ट पोत्यांपैकी पाचांतले नमुने घेतले होते, आणि पाचही मर्यादेत होते. साइटचा प्रमुख कीथ तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, सरळ माणूस. त्याचे डोळे महिनाभर झोप न मिळाल्यासारखे दिसत. निकाल चांगला आहे, आता सही करायला हरकत नसावी, असं तो म्हणाला. वैजयंतीने त्याला दाखवलं की पाचही पोती दारापाशी रचलेली होती. यंत्र दारापाशी आहे, तिथली हवा आधी सुकते. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात ओल सगळ्यात जास्त वेळ राहते. कीथ म्हणाला की नमुने कुठून घ्यायचे हे ठरवणारा कागद मंजूर झालेला आहे, आणि तो लिहिणाऱ्यांत तीही होती.

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी उशिरापर्यंत बसून तिने तो लिहिला होता, आणि तेव्हाही ती अशीच थकलेली होती. तिने दोन दिवस मागितले. त्याने दिले.

तिने सगळी पोती उघडायला घेतली. मास्क, हातमोजे, पांढरा डगला, आणि वर पांढरा दिवा. एकेक पोतं उतरवायचं, तोंड सोडायचं, तळापासून तुरे काढून ताटात पसरायचे, जाड तुरा असेल तर मधोमध मोडून दांडीपर्यंत बघायचं. मदतीला दोघी होत्या, पण मोडून बघायचं काम तिने कुणाला दिलं नाही. पहिल्या दिवशी तीस पोती झाली. काहीच नाही. संध्याकाळी मनगटं सुजली. आपण उगाच संशय घेतोय, देवला उगाच अडकवलं, असं तिला घरी जाताना वाटलं. गाडी तिची होती, आणि देव शेजारी झोपला होता किंवा झोपल्यासारखं करत होता.

दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीची पोती निघाली. तिसऱ्याच पोत्यात एक अंगठ्याएवढा तुरा तिने मोडला. बाहेरून हिरवा, नीट, वासालाही चांगला. आत दांडीभोवती राखी कापूस धरला होता. तिने तो ताटात ठेवला आणि दुसरा मोडला. त्यातही होता. संध्याकाळपर्यंत अशी अकरा पोती निघाली.

कीथने येऊन ताट पाहिलं. उरलेल्या त्रेपन्न पोत्यांत काही सापडलं नाही ना, असं त्याने विचारलं. ती म्हणाली की सापडलं नाही. मग त्याने दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून बसला.

“तुझी बहीण या चाचणीत आहे हे मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “ही बॅच गेली तर ऑक्टोबरपासून जुन्या पेशंटांना द्यायला काही उरत नाही. नव्या चाचणीसाठी ठेवलेल्या साठ्याला हात लावता येत नाही. मी तुझ्यावर दबाव आणत नाहीये. फक्त तुला हे माहीत असावं.”

ते तिला सुट्टीनंतरच्या मंगळवारपासून माहीत होतं. तीन नंबरच्या दारात उभी असतानाच तिने महिने मोजले होते.

“खराब पोती निवडून बाजूला काढता आली असती तर काढली असती,” ती म्हणाली. “पण दिसते तेवढीच बुरशी असते असं नाही. त्रेपन्न पोती त्याच हवेत होती. हे आजारी माणसांच्या जिभेखाली जाणार आहे.”

कीथने मान हलवली. त्याला वेगळं उत्तर अपेक्षित नव्हतं, पण मिळालं असतं तर त्याने घेतलं असतं, असं तिला वाटलं. तिने कागद पुढे ओढला, ‘नामंजूर’ लिहिलं आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली.

असा माल नुसता फेकता येत नाही. सप्टेंबरच्या मध्याला होम ऑफिसची दोन माणसं आली. प्रत्येक पोतं पुन्हा वजन करून नोंदीशी ताडून पाहिलं. मग पुढे पोलिसांची गाडी, मागे बंद ट्रक आणि त्याच्या मागे वैजयंती, असे सगळे चाळीस मैलांवरच्या भट्टीवर गेले. साक्षीदार म्हणून तिला शेवटपर्यंत थांबायचं होतं. चौसष्ट पोती जळायला साडेतीन तास लागले. ती कागदी कपातला चहा घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. धुराड्यातून काहीच दिसत नव्हतं. ही रोपं लावणाऱ्या, खुडणाऱ्या पोरी तिला आठवल्या. एप्रिलमध्ये हाताएवढी असलेली ती झाडंही आठवली. वाईट वाटायला हवं होतं. पण तिला नुसतं पाठ दुखत असल्याचं कळत होतं, आणि घरी जायला अजून दोन तास लागतील एवढंच डोक्यात होतं.

चौकशी झाली. देवची जुलैतली ईमेल सापडली, त्यामुळे त्याची नोकरी वाचली. लेखी ताकीद मिळाली आणि सुट्टीच्या दिवशीच्या जबाबदारीतून नाव कमी झालं. त्या ईमेलचं उत्तर कुणी द्यायचं होतं, हे मात्र चौकशीत ठरलं नाही. वैजयंतीने आपल्या जबानीत ती ईमेल दोनदा मांडली होती. देवला ते कळलं की नाही तिला माहीत नव्हतं. मंडळाच्या गणपतीला मीनाक्षी तिच्या शेजारची खुर्ची सोडून पुढच्या रांगेत जाऊन बसली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात देवला लेस्टरमध्येच एका बिस्किटांच्या कारखान्यात काम मिळालं. शेवटच्या दिवशी गाडीत तो म्हणाला, “मावशी, तुम्ही बरोबर केलं. पण मला अजून राग येतो.” ती म्हणाली की तिलाही येतो. कुणाचा, ते दोघांनीही विचारलं नाही. त्यानंतर सव्वा तास जाताना आणि सव्वा तास येताना ती एकटीच गाडी चालवू लागली.

ताईला पत्र आलं ते सप्टेंबरच्या अखेरीला. पुरवठ्यातल्या अडचणीमुळे औषध काही आठवडे मिळणार नाही, असं त्यात होतं. भावोजींनी ते फोनवर वाचून दाखवलं. त्यांचं वाचन झाल्यावर वैजयंती ‘बरं’ म्हणाली.

बाटली संपली आणि चार दिवसांत पेटके परत आले, आधीपेक्षाही वाईट. दर शुक्रवारी काम संपलं की वैजयंती थेट स्टॅनमोरला जाऊ लागली. ताई चिडचिडी झाली होती. कंपनीला शिव्या घालायची, डॉक्टरांना घालायची, मग दमून गप्प व्हायची. भावोजींचं वजन उतरलं होतं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी वैजयंती पलंगाच्या पायथ्याशी बसून ताईची पोटरी चोळत होती. भावोजी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. ताईचे डोळे मिटलेले होते.

“वैजू, तू जिथे काम करतेस तिथे माझंच औषध करतात ना?”

वैजयंतीचा हात थांबला.

“थांबू नकोस, चोळ,” ताई म्हणाली. “मला वर्ष झालं कळून. तुझ्या स्वेटरला वास येतो. बाटलीला वरवर पेपरमिंटचा येतो, पण त्याखाली तोच वास असतो. तुम्हा सगळ्यांना वाटतं, मला फक्त पाय आहेत, नाक नाही.”

नोकरी धरताना सही केलेला कागद वैजयंतीला आठवला. तिने पोटरी चोळणं चालू ठेवलं.

“हो,” ती म्हणाली.

“मग काय झालं तिथे?”

तिने सांगितलं. यंत्र बंद पडलं, ओल धरली, बुरशी आली. शेवटची सही कुणाची होती तेही सांगितलं. देवचं नाव घेतलं नाही.

“सगळ्याला आली होती?”

“अकरा पोत्यांना.”

“आणि बाकीची?”

“बाकीचीही जाळली.”

ताईने डोळे उघडले. भावोजींनी नळ बंद केला, पुन्हा सोडला.

“मला विचारलं असतंस तर मी घेतलं असतं,” ताई म्हणाली. “बुरशीसकट घेतलं असतं.”

“म्हणून तर विचारायचं नसतं, ताई.”

ताईने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. तो हलला नाही, नुसता गुडघ्याशी थरथरला. ते वैजयंतीने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे ताईने पाहिलं.

“इतके दिवस कुणावर रागवायचं तेच कळत नव्हतं,” ताई म्हणाली. “आज ह्यांना बसू दे इथे. तू जा बाहेर.”

वैजयंती उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने भावोजींच्या हातातून घासणी घेतली आणि त्यांना आत पाठवलं. मग उरलेली भांडी घासली, ओटा पुसला, फ्रिजमधली शिळी आमटी काढून डबा धुतला. रडू आलं नाही. चार वाजता गाडीत बसून लेस्टरला निघाली. वाटेत हायवेच्या थांब्यावर, सर्व्हिसेसवर, गाडी लावून अर्धा तास स्टिअरिंगवर डोकं टेकून पडून राहिली.

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा गेली. ताईने तिला बस म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. वैजयंतीने पाय मांडीवर घेतला. पेटका सुटेपर्यंत पोटरी चोळली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तसंच झालं.

कामावर तीन नंबरच्या खोलीत आता चार सेन्सर बसले होते, एकेका कोपऱ्यात एक. नमुने घ्यायचा कागद वैजयंतीने नव्याने लिहिला. नवं पीक दोरांवरून उतरलं, पोत्यांत भरलं, मुरलं. ती दिवसातून दोनदा आत जाऊन पोत्यांत हात घालायची. जीपीने, म्हणजे तिच्या नेहमीच्या डॉक्टरने, तिचं रक्त तपासून लोह कमी असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि कामाचे दिवस कमी करता येतील का बघा म्हणाला. बघते, असं तिने सांगितलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने सगळ्या पोत्यांचे तुरे मोडून पाहिले, लॅबचा निकाल दोनदा वाचला आणि सही केली. कीथने थँक यू म्हटलं. त्या दिवसापुरतं तेवढंच.

डिसेंबर लागल्यावर, एका शनिवारी सकाळी दहाला फोन वाजला. वैजयंतीला आदल्या दिवशी ताप होता, म्हणून ती शुक्रवारी गेली नव्हती. आता निघायचं म्हणून कोट घालून, पिशवी दाराशी ठेवून ती किल्ल्या शोधत होती.

“बाटली मंगळवारी आली,” भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज खाली होता. “यमुना अजून झोपली आहे. उठवू का?”

“नका उठवू.”

“मीसुद्धा आज आठला उठलो. किती महिन्यांनी.”

मग त्यांनी विचारलं की ती आज येणार आहे का. ती म्हणाली की ते दोघं झोपणार असतील तर ती पुढच्या आठवड्यात येईल.

“यमुना काल म्हणत होती, वैजूला यायचं असेल तर येऊ दे,” भावोजी चाचरत म्हणाले. “पण थोडा राग आहे तिचा अजून.”

“असू दे,” वैजयंती म्हणाली.

तिने फोन ठेवला. आठवड्याचे कपडे धुवायचे होते, दूध आणायचं होतं. ती कोटासकट सोफ्यावर आडवी झाली, आणि तिला जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते.